जिंकण्याआधीच वाटणी : तिहेरी युतीचा तह आणि पराग्वे

पराग्वेचा नकाशा उघडला की राजधानी असुन्सिओनच्या समोर, नदीपलीकडे, 'प्रेसिदेन्ते हेज' नावाचा भलामोठा विभाग दिसतो. त्याचं मुख्य गाव व्हिया हेज. राजधानीत याच नावाचा एक फुटबॉल क्लबही आहे. हे हेज म्हणजे रदरफोर्ड हेज, 1877 ते 1881 या काळात अमेरिकेचे अध्यक्ष. पराग्वेत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. खुद्द अमेरिकेतही त्यांची आठवण निघाली तर 1876 च्या वादग्रस्त निवडणुकीमुळे निघते. मग दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाने त्यांना एवढं डोक्यावर का घेतलं?

याचं उत्तर 1 मे 1865 रोजी ब्यूनोस आयर्समध्ये सह्या झालेल्या एका तहात आहे. ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे यांनी पराग्वेविरुद्ध केलेला हा 'तिहेरी युतीचा तह'. त्यानंतरच्या पाच वर्षांच्या युद्धाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण लढायांची वर्णनं वाचून गोष्ट नीट कळत नाही. तहाची कलमं वाचली की कळते. माझ्या मते या तहाचा निम्मा रोख शत्रूवर आहे आणि निम्मा एकमेकांवर.

आधी भूगोल, मग भांडण

पराग्वेला समुद्रकिनारा नाही. बाहेर पडायचं तर पराग्वे आणि पराना या नद्यांमधून खाली रिओ दे ला प्लाताच्या मुखापर्यंत जायचं. तिथे एका काठावर ब्यूनोस आयर्स आणि दुसऱ्यावर मोंतेविदेओ. म्हणजे पराग्वेचं दार शेजाऱ्यांच्या अंगणात उघडतं. उलट, ब्राझीलचा मातो ग्रोसो हा पश्चिमेकडचा प्रांत इतका आत होता की रिओ दि जानेरोहून तिथे जायची सोयीची वाट पराग्वे नदीतूनच होती. दोघांना एकच नदी हवी होती, आणि सीमा मात्र कुठेच पक्क्या नव्हत्या. स्पेन आणि पोर्तुगाल यांनी जाताना त्या तशाच ठेवल्या. 1856 मध्ये ब्राझील आणि पराग्वे यांनी नदीतून ये-जा करण्याचा करार केला, पण सीमेचा प्रश्न सहा वर्षांसाठी पुढे ढकलला. तो कधी सुटलाच नाही.

ब्राझील आणि अर्जेंटिना हेही काही मित्र नव्हते. 1825 ते 1828 ते उरुग्वेच्या भूमीसाठी एकमेकांशी लढले. कुणालाच ती मिळाली नाही, तेव्हा ब्रिटनच्या मध्यस्थीने दोघांच्या मध्ये उरुग्वे हा स्वतंत्र देश उभा राहिला. तिथे ब्लांको आणि कोलोरादो असे दोन पक्ष होते. 1863 मध्ये कोलोरादो पुढारी व्हेनान्सिओ फ्लोरेस यांनी ब्लांको सरकारविरुद्ध बंड केलं. अर्जेंटिनाने त्यांना आडून मदत केली, ब्राझीलने ऑक्टोबर 1864 मध्ये सरळ फौज घुसवली.

पराग्वेचे सर्वेसर्वा फ्रान्सिस्को सोलानो लोपेझ यांनी ब्राझीलला आधीच इशारा दिला होता. मोंतेविदेओ गेलं तर आपलं समुद्राकडचं दार बंद होईल, ही त्यांची भीती. नोव्हेंबरमध्ये त्यांनी 'मार्केस दि ओलिंदा' ही ब्राझीलची आगबोट पकडली, तीही मातो ग्रोसोच्या नव्या प्रांताध्यक्षांसकट. डिसेंबरमध्ये मातो ग्रोसोवर हल्ला केला. उरुग्वेकडे फौज न्यायला अर्जेंटिनाच्या कोरिएन्तेस प्रांतातून वाट हवी होती. अध्यक्ष बार्तोलोमे मित्रे यांनी नकार दिला, तेव्हा एप्रिल 1865 मध्ये लोपेझ यांनी कोरिएन्तेसवरच चाल केली. गंमत अशी, की ज्या ब्लांको सरकारसाठी हा उपद्व्याप चालला होता ते फेब्रुवारीतच पडलं होतं आणि मोंतेविदेओत फ्लोरेस बसले होते. मित्राला वाचवायला निघालेल्या लोपेझ यांना तीन शत्रू मिळाले.

कोरिएन्तेसवरच्या हल्ल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत तह तयार होता.

एकोणीस कलमांत काय होतं?

आपल्याकडे निवडणुकीआधी युती होते तेव्हा निकालाची वाट न पाहता जागावाटप उरकतात, कारण नंतर भांडण नको. या तहातही तेच झालं. फरक इतकाच की वाटायच्या जागा तिसऱ्याच्या घरातल्या होत्या.

कलम 3 ने जमिनीवरच्या फौजांचं नेतृत्व मित्रे यांच्याकडे दिलं, आरमार ब्राझीलच्या तामांदारे यांच्याकडे राहिलं. कलम 6 प्रमाणे पराग्वेचं सरकार उलथल्याशिवाय कुणी शस्त्र खाली ठेवायचं नाही, आणि शत्रूशी वेगळा तह कुणी एकट्याने करायचा नाही. कलम 7 सांगतं की युद्ध पराग्वेच्या जनतेशी नाही, सरकारशी आहे. कलम 8 मध्ये पराग्वेचं स्वातंत्र्य, सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडता जपण्याचं वचन आहे, कलम 9 ने त्याची हमी मात्र फक्त पाच वर्षांची दिली. कलम 14 ने युद्धाचा सगळा खर्च पराग्वेकडून वसूल करायचं ठरवलं. कलम 16 ने सीमा आखल्या: ब्राझीलला उत्तरेत आपा नदीपर्यंतचा मुलूख, अर्जेंटिनाला मिसिओनेस आणि पराग्वे नदीच्या उजव्या काठावरचा चाको नावाचा सगळा मैदानी प्रदेश, थेट वर बाहिया नेग्रापर्यंत. उरुग्वेला जमीन नव्हतीच. कलम 18 म्हणतं की मुख्य हेतू साधेपर्यंत हे सगळं गुप्त ठेवायचं.

जोडीला एक वेगळा मसुदा होता. पराग्वेचा नदीवरचा उमाइता किल्ला पाडायचा, पुन्हा तसा बांधू द्यायचा नाही, शस्त्रं काढून घ्यायची, लूट वाटून घ्यायची.

अखंडता जपायची आणि सीमाही आखायच्या, हे कसं?

सरळ वाचलं तर कलम 8 आणि कलम 16 एकमेकांना खोटं पाडतात. युतीच्या बाजूने उत्तर असं होतं की हा प्रदेश पराग्वेचा नव्हताच, वाद पूर्वीपासूनचा होता, आम्ही आमचंच आमच्याकडे घेतो आहोत. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. सीमा खरोखरच अनिर्णित होत्या आणि चाकोच्या मोठ्या भागात यांपैकी कुठल्याच सरकारची सत्ता चालत नव्हती. तिथे मूळ रहिवासी जमाती राहत होत्या, आणि त्यांना विचारण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही. पण वादग्रस्त जमिनीचा निवाडा तिघांपैकी दोन दावेदारांनी तिसऱ्याच्या पाठीमागे करावा, याला निवाडा म्हणत नाहीत. बोलिव्हियाचाही चाकोवर दावा होता. त्याचा हक्क अबाधित राहील अशी पत्रं दोन्ही मित्रांनी एकमेकांना देऊन ठेवली. म्हणजे कलम लिहिताना आपण किती मोठा घास घेतो आहोत हे त्यांना पुरेपूर माहीत होतं.

कलम 16 मधली खरी मेख वेगळी आहे. बाहिया नेग्रापर्यंतचा चाको अर्जेंटिनाला मिळाला असता तर तो देश थेट मातो ग्रोसोच्या दाराशी येऊन बसला असता. ब्राझीलच्या मुत्सद्द्यांना हे कसं परवडणार? युद्ध अंगावर आलं होतं, अर्जेंटिनाची भूमी आणि बंदरं हवी होती, म्हणून सही झाली. खुद्द रिओमध्ये या कलमावर लगेच टीका सुरू झाली.

गुपित वर्षभरही टिकलं नाही

उरुग्वेचे परराष्ट्रमंत्री कार्लोस दे कास्त्रो यांनी तहाची प्रत मोंतेविदेओतल्या ब्रिटिश प्रतिनिधीला, लेट्सम यांना, विश्वासाने दाखवायला दिली. पराग्वेला गिळून टाकणार की काय, अशी लेट्सम यांना शंका होती, ती दूर करायची होती. लेट्सम यांनी ती लंडनला पाठवली. 1866 च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने ती संसदेच्या कागदपत्रांत छापून मोकळं केलं. तिथून मजकूर ब्यूनोस आयर्सच्या वर्तमानपत्रांत आला, आणि ऑगस्टमध्ये असुन्सिओनच्या 'एल सेमानारिओ'त.

पेरूने जाहीर निषेध केला. पोलंडची जशी शेजाऱ्यांनी वाटणी केली तशी अमेरिका खंडात होऊ देणं लाजिरवाणं आहे, असं त्यांच्या खलित्यात होतं. अर्जेंटिनातल्या अंतर्गत प्रांतांत हे युद्ध आधीच नकोसं झालं होतं. जुलै 1865 मध्येच एन्त्रे रिओसचे हजारो घोडेस्वार बासुआल्दो इथल्या छावणीतून घरी निघून गेले होते. तह छापून आल्यावर विरोधकांच्या हातात कागदच पडला.

सगळ्यांत मोठा फायदा झाला तो लोपेझ यांना. तोवर ते सांगत होते की शत्रूला आपला देश पुसून टाकायचा आहे. आता ते शत्रूच्याच सह्यांनिशी दाखवता आलं.

युद्ध पाच वर्षं का चाललं?

12 सप्टेंबर 1866 रोजी याताय्ती कोरा इथे लोपेझ आणि मित्रे समोरासमोर भेटले. लोपेझ यांना तडजोड हवी होती. मित्रे यांचं उत्तर असं, की तहाने माझे हात बांधलेले आहेत, मित्रांना विचारल्याशिवाय काही ठरवता येत नाही. आणि तहाप्रमाणे पहिली अट लोपेझ यांनी जाण्याची होती. ज्याच्याशी बोलणी करायची त्यालाच घालवायचं ठरलेलं असेल, तर तो कशावर सही करणार?

दहा दिवसांनी कुरुपाय्तीच्या तटबंदीवर युतीने हल्ला केला आणि सुमारे 4,000 माणसं गमावली. पराग्वेची हानी शंभरच्या आसपास. त्यानंतर कित्येक महिने आघाडी जागची हलली नाही. छावण्यांत पटकी शिरली. हीच साथ ब्यूनोस आयर्सपर्यंत गेली आणि जानेवारी 1868 मध्ये तिने उपाध्यक्ष मार्कोस पास यांचा बळी घेतला, तेव्हा मित्रे यांना सरसेनापतिपद सोडून राजधानीत परतावं लागलं. फेब्रुवारीत मोंतेविदेओच्या रस्त्यावर फ्लोरेस यांचा खून झाला. तिथून पुढे युद्ध जवळजवळ एकट्या ब्राझीलचं झालं.

1868 मध्ये उमाइता पडला, जानेवारी 1869 मध्ये असुन्सिओन. ब्राझीलचे सेनापती काशियास यांच्या मते काम संपलं होतं. सम्राट दुसरे पेद्रो यांना ते मान्य नव्हतं: लोपेझ अजून मोकळे होते आणि कलम 6 शिल्लक होतं. मग आणखी वर्षभर डोंगर-जंगलांतून पाठलाग चालला. 16 ऑगस्ट 1869 च्या आकोस्ता न्यूच्या लढाईत पराग्वेच्या बाजूला मोठ्या प्रमाणावर लहान मुलं होती. पराग्वेत आज बालदिन त्याच तारखेला पाळतात. 1 मार्च 1870 ला सेरो कोरा इथे लोपेझ मारले गेले, तेव्हा युद्ध थांबलं.

म्हणजे लोपेझ बिचारे होते का?

नाही. पहिला हल्ला त्यांनी केला, दोन देशांवर केला, आणि आपल्या ताकदीचा व शत्रूच्या दमाचा अंदाज पार चुकवला. 1868 मध्ये कटाच्या संशयावरून त्यांनी शेकडो माणसांचा छळ करून त्यांना ठार मारलं. त्यांत त्यांचे सख्खे भाऊ बेनिग्नोही होते. मुलांना आघाडीवर उभं करणारेही तेच. तह अन्यायाचा होता म्हणून लोपेझ न्यायाचे ठरत नाहीत. पराग्वेत त्यांना पुढे राष्ट्रवीर केलं गेलं, तो विसाव्या शतकातल्या राजकारणाचा भाग आहे.

माणसं किती मेली यावर अभ्यासकांचं आजही जमत नाही. युद्धाआधीची लोकसंख्या साधारण चार ते साडेचार लाख धरतात. काहींच्या मते त्यातली निम्म्याहून जास्त गेली, काहींच्या मते एक पंचमांशाहूनही कमी. जनगणनांचे कागद अपुरे आहेत, म्हणून हा वाद मिटत नाही. भूक आणि रोगराईने लढाईपेक्षा जास्त बळी घेतले आणि पुरुषांची संख्या भयंकर घटली, यावर मात्र दुमत नाही.

'यामागे ब्रिटन होता' हे खरं आहे का?

ही शंका हमखास येते. 1960-70 च्या दशकांत हा विचार दक्षिण अमेरिकेत फार लोकप्रिय झाला: पराग्वे स्वावलंबी देश होता, ब्रिटिश भांडवलाला तो खुपत होता, म्हणून लंडनने तिघांना त्याच्यावर सोडलं. ऐकायला पटतं, कारण ब्रिटनचा इतिहास आपल्याला चांगलाच माहीत आहे. पण तारखा आड येतात. ब्राझीलने ब्रिटनशी राजनैतिक संबंध 1863 मध्येच तोडले होते, आणि ते सप्टेंबर 1865 मध्ये, म्हणजे तहानंतर, पुन्हा जुळले. तह जगासमोर आणला तो लंडननेच. पराग्वेचं लोहारखान्याचं आणि रेल्वेचं काम ब्रिटिश अभियंतेच पाहत होते. ब्यूनोस आयर्समधले ब्रिटिश दूत थॉर्नटन यांचा कल युतीकडे होता हे खरं, आणि लंडनच्या बँकांनी युद्धाच्या काळात ब्राझील व अर्जेंटिनाला कर्जं देऊन व्याज कमावलं हेही खरं. पण युद्धातून कमावणं वेगळं आणि युद्ध लावणं वेगळं. नदी, सीमा आणि उरुग्वे ही कारणं इथल्या मातीतलीच होती.

विजयानंतर मित्रांचं बिनसलं

इथून तहाचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो. 1869 मध्ये असुन्सिओनला युतीच्या छायेत हंगामी सरकार बसलं. त्या सरकारने गुलामगिरी बंद केली, तीही ब्राझीलचे सेनापती काउंट द्यू यांच्या आग्रहावरून. खुद्द ब्राझीलमध्ये गुलामगिरी 1888 पर्यंत चालू राहिली, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

त्याच वर्षी अर्जेंटिनाचे परराष्ट्रमंत्री मारियानो व्हारेला यांनी भूमिका मांडली की नुसत्या विजयामुळे मित्रराष्ट्रांना तहातल्या सीमा आपल्या म्हणून जाहीर करण्याचा हक्क मिळत नाही. बोलायला उदात्त, पण ब्राझीलने हे वाक्य उचललं आणि अर्जेंटिनाच्याच चाकोवरच्या दाव्यापुढे धरलं. मग 9 जानेवारी 1872 रोजी ब्राझीलने पराग्वेशी एकट्याने तह करून टाकला, आपा नदीपर्यंतचा मुलूख पदरात पाडून घेतला आणि फौज असुन्सिओनमध्येच ठेवली. वेगळा तह करायचा नाही, हे कलम 6 मधलं वचन तिथे संपलं. ब्यूनोस आयर्समध्ये संतापाची लाट उसळली आणि कालचे मित्र एकमेकांशी लढतात की काय अशी वेळ आली.

आता ब्राझील पराग्वेचा पाठीराखा झाला. प्रेमाने नव्हे, अर्जेंटिना वर सरकू नये म्हणून. 1875 मध्ये एक करार होत आला होता: युद्धखर्चाची मागणी सोडून देण्याच्या बदल्यात अर्जेंटिनाला असुन्सिओनजवळचं व्हिया ओक्सिदेन्ताल हे गाव द्यायचं. पराग्वे सरकारने तो फेटाळला, आणि त्यामागे ब्राझील होता. शेवटी 3 फेब्रुवारी 1876 च्या तहाने मिसिओनेस आणि पिल्कोमायो नदीच्या दक्षिणेचा चाको, म्हणजे आजचा फोर्मोसा प्रांत, अर्जेंटिनाकडे गेला. व्हेर्दे नदीच्या उत्तरेचा दावा अर्जेंटिनाने सोडला. राहिला तो दोन नद्यांमधला पट्टा. तो लवादाकडे द्यायचं ठरलं, म्हणजे दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्याने दिलेला निर्णय दोघांनी पाळायचा. तो तिसरा म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष. त्या वर्षीच ब्राझीलची फौज निघून गेली.

12 नोव्हेंबर 1878 रोजी हेज यांनी तो पट्टा पराग्वेला दिला. निकाल अगदी त्रोटक आहे, कारणंही दिलेली नाहीत. व्हिया ओक्सिदेन्तालचं नाव व्हिया हेज झालं, पुढे विभागालाही तेच नाव मिळालं, आणि तिथे 12 नोव्हेंबरची सुट्टी असते. पराग्वे वाचला याचं श्रेय हेज यांना मिळालं. माझ्या मते त्याहून मोठा वाटा दोन विजेत्यांच्या परस्पर संशयाचा आहे. त्यांचं खरंच पटलं असतं तर हेज यांच्यापर्यंत प्रश्न गेलाच नसता.

कर्ज आणि तोफ

युद्धखर्चाची भरपाई पराग्वेला कधीच झेपणारी नव्हती. उरुग्वेने ती 1880 च्या दशकात माफ केली आणि युद्धात नेलेल्या वस्तू परत केल्या. अर्जेंटिना आणि ब्राझील यांनी कागदावरचं कर्ज सोडायला 1940 चं दशक उजाडलं. अर्जेंटिनाने लुटीतल्या वस्तू 1954 मध्ये अध्यक्ष पेरॉन यांच्या काळात परत दिल्या. चर्चच्या घंटा वितळवून ओतलेली 'एल क्रिस्तियानो' ही तोफ मात्र रिओच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे, आणि ती परत द्या ही पराग्वेची मागणी जुनीच आहे.

दीडशे वर्षांनी विजेचा दर

कलम 16 मधली ब्राझील-पराग्वे सीमा पराना नदीवरच्या सात धबधब्यांच्या आसपास येऊन टेकत होती. 1872 च्या तहात ती धबधब्यापर्यंत आणि तिथून म्बाराकायू डोंगररांगेच्या माथ्यावरून आखली. पण धबधब्याजवळ रांगेचे दोन फाटे होतात. सीमा कुठल्या फाट्यावरून, हा प्रश्न जवळपास शंभर वर्षं पडून राहिला. धबधब्यातल्या पाण्याची विजेच्या दृष्टीने किंमत कळली तेव्हा तो उफाळला. 1965 मध्ये ब्राझीलचे सैनिक तिथे जाऊन बसले. 1966 मध्ये दोघांनी ठरवलं की त्या पट्ट्यातली वीज निम्मी निम्मी वाटून घ्यायची, आणि 1973 च्या करारातून इताइपू धरण उभं राहिलं. 1982 मध्ये त्याच्या जलाशयात धबधबेच बुडाले, आणि भांडणाची बरीचशी जमीनही.

इताइपूची क्षमता 14,000 मेगावॉट आहे. पराग्वेला आपला निम्मा वाटा वापरून संपत नाही, आणि 1973 च्या करारानुसार उरलेली वीज फक्त ब्राझीललाच द्यावी लागते, तीही करारात ठरलेल्या मोबदल्यात. बाजारभावाने तिसऱ्या कुणाला विकता येत नाही. हे पैशाचे नियम ज्यात आहेत ते जोडपत्र 'क' पन्नास वर्षांनी, म्हणजे 2023 पासून, नव्याने ठरवायचं होतं. 2024 मध्ये 2026 पर्यंतचा तात्पुरता दर ठरला. मूळ बोलणी सुरू असतानाच मार्च 2025 च्या अखेरीस बातमी फुटली की ब्राझीलच्या गुप्तचर संस्थेने पराग्वेच्या अधिकाऱ्यांच्या संगणकांत शिरून या वाटाघाटींची माहिती काढायचा उद्योग केला होता. आधीच्या सरकारच्या काळात हे सुरू झालं, कळताच आम्ही थांबवलं, असा खुलासा ब्राझीलने केला. पराग्वेने राजदूत चर्चेसाठी माघारी बोलावला आणि जोडपत्र 'क' ची बोलणी थांबवली. दोन देशांच्या आकारातला फरक पाहता ही प्रतिक्रिया बाहेरच्यांना जरा जास्तच तिखट वाटली. असुन्सिओनमध्ये ती कुणाला तशी वाटली असेल, असं मला वाटत नाही.